लोणारचे खारे तळे कोणी खोदले?

(नेरूळ येथे आगरी, कोळी आणि देशावरून पोटासाठी आलेल्या बंधुभगिनींपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवसभराचे काम उरकून आपण येथे येऊन बसला आहात. तेव्हा आपला वेळ फुकट घालविण्याचा आम्हांस अधिकार नाही. आजचा विषय ऐकून काहींनी तोंडावर पदर धरला, हे आम्ही पाहिले. नेरूळच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्याचे काय करावयाचे, असे त्यांना वाटले असेल. त्यांना आमचे सांगणे इतकेच, की या सभेत दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. एक, ज्यांच्या वाडवडिलांनी ठाण्याच्या खाडीकाठी बांध घालून, उन्हात पाय भाजून मीठ पिकविले. आगरावरूनच त्यांना आगरी हे नाव पडले. दुसरी, बुलढाणा, जालना, वाशीम, परभणीकडून कोरडवाहू शेती सोडून येथे गवंडीकामाला, माथाडीला, घरकामाला आलेली. पहिल्यांचा धंदा खाऱ्या पाण्याचा आणि दुसऱ्यांच्या मुलखात खाऱ्या पाण्याचे तळे. या दोघांनी आपापली माहिती एके ठिकाणी आणली, तर जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना पडलेल्या कोड्याचा उलगडा होतो. तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

ज्यांनी लोणार पाहिले नाही त्यांच्यासाठी प्रथम त्या जागेचे वर्णन करतो. लोणार गावाच्या कडेला चालत जावे, तो पायाखालची जमीन एकाएकी संपते. समोर परातीसारखा गोल खड्डा. त्याच्या तोंडाची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. काठाकाठाने फेरी मारावयाची म्हटली तर साडेपाच-सहा किलोमीटर चालावे लागते. काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटरच्या घरात, म्हणजे या शहरातली चाळीस मजल्यांची इमारत आत उभी केली तरी तिची गच्ची काठाच्या वर फारशी येणार नाही. काठाची कड भोवतालच्या रानापेक्षा उंच उचललेली आहे. आत झाडी, देवळे आणि मध्ये हिरवट, उग्र वासाचे, बुळबुळीत पाणी. हे पाणी इतके खारट आणि इतके क्षारयुक्त, की त्यात आपले नेहमीचे मासे नांदत नाहीत. आणि नवल असे, की त्याच खड्ड्याच्या उतारावर गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. धार गोड, तळे खारट. खेडवळ माणसाने तोंडात बोट घालावे अशीच ही गोष्ट आहे.

आता या नवलाचे कारण काय? कारण विचारले की प्रथम पोथी पुढे येते. पोथी सांगते, येथे लवणासुर नावाचा दैत्य भुयारात राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, भुयाराचे झाकण उडविले आणि त्याला ठार केले. हा खड्डा म्हणजे त्याचे भुयार, हे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि हा खार म्हणजे त्याचे कुजलेले मांस! गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे ते याच कथेवरून.

सत्यशोधकाने ही कथा ऐकून काय करावे? जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून अवतारांच्या कथा उलट्या वाचावयास शिकविले. ज्याला दैत्य म्हणून मारले तो कोण होता, त्याची जमीन कोणाकडे गेली, हा प्रश्न त्यांनी विचारला. दिवाळीच्या पाडव्याला ज्या बळीराजाचे नाव आमच्या आयाबहिणी मायेने घेतात, त्यालाही पोथीने दैत्यच ठरविले आहे. म्हणून लवणासुराची कथा ऐकताच आमच्याही मनात येते, की बहिणींना फसवून भावाला मारणारा देव आणि घरात बसलेला तो दैत्य, हा न्याय कोणता? पण येथेच आम्ही थांबतो. पुरावा हाती नसताना लवणासुराला आमचा राजा ठरवू लागलो, तर आम्हीही दुसरी पोथीच लिहिली असे होईल. भटाची पोथी खोटी म्हणून आमची बिनपुराव्याची पोथी खरी ठरत नाही. दैत्यसूदनाच्या देवळातले कोरीव काम मात्र डोळे भरून पाहावे. ती शेकडो वर्षांपूर्वीच्या पाथरवटांची कमाई आहे. देवाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, छिन्नी धरणाऱ्यांची नावे कोणी सांगत नाही.

पोथी बाजूला ठेवली की विद्वानांची पाळी येते. तेही काही पहिल्याच दिवशी बरोबर नव्हते, हे आपण नीट लक्षात ठेवावे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे बहुतेक भूगर्भवेत्ते म्हणत राहिले, की हा ज्वालामुखीचा खड्डा. त्यांचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. आपला दख्खनचा सारा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. तेव्हा त्यातला खड्डाही लाव्ह्याचाच, असे त्यांना वाटले. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन पंडिताने आपल्या देशातल्या ॲरिझोना प्रांतातील अशाच खड्ड्याशी लोणारचे साम्य सांगितले. पण गंमत अशी, की त्या अमेरिकन खड्ड्यालाही तो उल्केचा खड्डा मानावयास तयार नव्हता. पुढे तो खड्डा उल्केचाच ठरला! पंडितसुद्धा चुकतो. फरक इतकाच, की त्याने आपला हिशेब उघडा मांडलेला असतो, म्हणून मागून येणाऱ्यास त्यातली चूक काढता येते.

लोणारचा निकाल लागला तो दगडाच्या साक्षीने. तळ्याच्या गाळाखाली भोके पाडून खालचा दगड वर काढण्यात आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे आणि अमेरिकेचे शास्त्रज्ञ यांनी मिळून तो तपासला आणि १९७३ साली आपला निष्कर्ष छापला. त्यांना काय दिसले? दगडाचे तुकडे चिरडलेले. त्यातल्या पांढऱ्या खनिजाचे कण न वितळताच काचेसारखे झालेले. वितळलेल्या दगडाचे बारीक काचमणी इतस्ततः उडालेले. आणि काठावरचे पाषाणाचे थर, जे भोवती आडवे निजले आहेत, ते येथे बाहेरच्या बाजूस वर उचललेले.

याचा अर्थ समजावयास पदवी लागत नाही. येथे लोहारकाम केलेला कोणी असेल तर त्याला विचारा. भट्टीत सावकाश तापलेले लोखंड आणि घणाचा घाव खाल्लेले लोखंड यांतला फरक तो नुसत्या नजरेने सांगेल. ज्वालामुखीची उष्णता म्हणजे भट्टी. ती दगड वितळवील, पण न वितळविता आतला कणन् कण असा चिरडणार नाही. असा मार फक्त एकाच वेळी, एका क्षणात, अफाट जोराने बसलेल्या तडाख्याचा असतो. म्हणजे आकाशातून मोठा दगड येऊन पडला. त्याची रुंदी साठेक मीटर असावी असा अंदाज केला जातो. त्याचा वेग बंदुकीच्या गोळीला कितीतरी पट मागे टाकणारा होता.

आता कोणी विचारील, दगड पडला तर तो कोठे गेला? आणि तिरपा आला असेल तर खड्डा गोल कसा? याचे उत्तर खाणीत सुरुंग लावणाऱ्या आमच्या वडार बंधूंजवळ आहे. भोक तिरपे मारले तरी दारू उडाली की दगड चहूकडे फेकला जातो, आणि दारूचा मागमूस उरत नाही. इतक्या वेगाने आलेला दगड जमिनीत शिरताच त्याचा वेग उष्णतेत बदलतो आणि तो स्वतःच सुरुंगासारखा उडतो. त्याचा बहुतेक भाग वाफ होऊन जातो. मागे राहतो तो गोल खड्डा आणि बाहेर फेकलेला राडारोडा. लोणारच्या काठाबाहेर तो राडारोडा आजही पसरलेला आहे. काळ्या पाषाणात पडलेले आणि इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर फार विरळ आहे. चंद्रावर आणि मंगळावर मात्र अशा पाषाणातली विवरे पुष्कळ असल्यामुळे तिकडचा अभ्यास करणारे लोक आमच्या लोणारचे दगड तपासतात. बुलढाण्याचा शेतकरी ज्या धोंड्याला नांगर अडतो म्हणून शिव्या देतो, त्या धोंड्याच्या भाऊबंदांना असा मान आहे!

हे घडले केव्हा? एका रीतीने मोजले तर सुमारे ५२ हजार वर्षे येतात. दुसऱ्या, अलीकडच्या रीतीने मोजले तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येतात. ही दुसरी मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. दोन आकड्यांत दहापटीचे अंतर! हे ऐकून कोणी भटजी हसेल आणि म्हणेल, पाहा, तुमच्या शास्त्राचा मेळ बसत नाही. आम्ही म्हणतो, हेच तर त्या शास्त्राचे मोठेपण. त्याने दोन्ही आकडे लोकांपुढे ठेवले आणि कोणती रीत कोठे चुकू शकते हेही सांगितले. पोथीने कधी आपली चूक छापली आहे काय?

आणि ग्रहपीडेच्या नावाने ज्यांच्या घरून दक्षिणा जाते, त्यांनीही एक ध्यानात घ्यावे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर एक उल्का हवेतच फुटली. तिच्या धक्क्याने खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. त्यांत कोणत्या राशीचे किती, हे काचेने पाहिले नाही. आकाशातून येणाऱ्या दगडाला जात नाही, गोत्र नाही आणि मुहूर्तही नाही. शांत करून तो थांबत नाही. त्याच्यावर नजर ठेवावयाची तर दुर्बीण लागते, आणि दुर्बिणीमागे बसणारी मुले शिकवावी लागतात.

आता मिठाकडे येऊ. तळे खारे का? येथे आगरी बंधूंनी गुरू व्हावे आणि आम्ही शिष्य. भरतीचे पाणी बांधाआड घेतले, बाहेर जाण्याची वाट बंद केली आणि वर ऊन तापू दिले, की काय होते? पाणी उडते, मीठ उरते. लोणार हे निसर्गाने बांधलेले आगर आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी दगडामातीतून थोडा थोडा क्षार घेऊन आत उतरते, पण बाहेर जाण्यास उघाडी नाही. हजारो उन्हाळे गेले. पाणी दर वर्षी उडत राहिले, क्षार साठत राहिला. म्हणून गोडी धार आत पडूनही तळे खारेच. त्यात नवल नाही आणि शापही नाही. फरक एवढाच, की खाडीच्या पाण्यात मुख्यतः जेवणातले मीठ, तर लोणारात त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा. पापडखार याच जातीचा. म्हणजे पोथीने ज्याला दैत्याचे कुजके मांस ठरविले, त्याच्याच भाऊबंदाशिवाय सोवळ्यात लाटलेला पापडही फुलत नाही!

या खारावर एकेकाळी पुष्कळांची पोटे भरत. अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीतही लोणारची नोंद आहे, आणि काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य येथे मिळते असे तीत सांगितले आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर खाराचे पापुद्रे बसत आणि मजूर आत उतरून ते काढीत. त्यांनी डल्ला, पापडी, भुसकी अशी खाराची प्रतवारी केली होती. कोणता बांगडीच्या काचेला, कोणता धुण्याला, कोणता रंगाऱ्याला, हे डोळ्यांनी आणि जिभेने ठरे. रसायनाची शाळा न पाहिलेल्या माणसांचे हे रसायनशास्त्र होते. त्यावरचा महसूल राजाच्या खजिन्यात गेला, आणि चिरलेले तळपाय मजुराच्या वाट्याला आले. खाडीकाठच्या आगऱ्याची कथा वेगळी आहे काय? इंग्रजी अमलात मिठावर सरकारचा कर, मालकी दुसऱ्याची, आणि फक्त भाजलेली पावले त्याची स्वतःची.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हा विषय आम्ही येथे आणला. २०२० साली जून महिन्यात, महामारीची टाळेबंदी चालू असता, लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. देशोदेशी बातमी गेली. आधीच लोक भेदरलेले. अशा वेळी कोप आणि संकेत सांगणारे पुढे येतातच. ती बातमी आम्ही येथल्या एका आगरी आजीला सांगितली. जन्मभर मिठागरात खपलेली बाई. तिने भाकरी थापता थापता मान वर केली आणि म्हणाली, “पानी लाल झायलाय? मंग मीठ धराला आयलाय.” बस्स, इतकेच. आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

आम्ही तेव्हा हसलो. पण पुढे काय झाले ते पाहा. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या नीरी या संस्थेत गेले. पुण्याच्या शास्त्रज्ञांस प्रथम वाटले, की हे तांबड्या शेवाळाचे काम असावे. तपासाअंती आढळले, की अत्यंत खाऱ्या पाण्यातच वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव माजले होते आणि त्यांच्या अंगचा रंग गुलाबी होता. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला, तसे ते वाढले. नमुन्याचे भांडे न हलविता ठेवले, तेव्हा ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. कोप असता तर भांड्याच्या तळाशी बसला असता काय?

मिठागरात तरी दुसरे काय होते? वाफ्यात पाणी आटून दाट झाले, की त्याच जातीचे जीव वाढतात आणि पाण्यावर तांबूस झाक येते. त्यानंतर मीठ बसते. आजीला सूक्ष्मजीवांचे नाव ठाऊक नव्हते, पण रंग आणि खारटपणा यांचा संबंध तिला ठाऊक होता. सूक्ष्मदर्शकाने जे सांगितले त्याचे निम्मे उत्तर तिच्या तोंडी होते. तिला कोणी विचारले नाही, आणि आम्ही विचारले ते हसण्यावारी नेले. त्याची आम्हांस आज लाज वाटते, ती आपणापुढे कबूल करतो.

याच गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. खाऱ्या पाण्यातले तांबूस जीव आणि शेवाळ खाऊनच रोहित पक्ष्याच्या पंखांस गुलाबी रंग चढतो. लोणारच्या तळ्यावर हे पक्षी उतरलेले पाहण्यात आले आहेत. आणि त्याच जातीचे पक्षी, ज्यांना आपली मुले फ्लेमिंगो म्हणतात, ते आपल्या या नेरूळच्या चिखलावर हजारोंनी उतरतात. लोणारचे तळे आणि नेरूळची खाडी यांची सोयरीक आहे ती अशी. मीठ, मिठातला जीव आणि त्या जिवावर जगणारा पक्षी.

पण सोयरीक सांगून सुटका होत नाही, सोयऱ्याच्या दुखण्याचीही विचारपूस करावी लागते. ज्या तळ्याला उघाडी नाही, त्यात जे पडेल ते तेथेच राहते. मीठ राहते, तसे गावचे सांडपाणी, साबण, निर्माल्य, शेतातले खतही राहते. गावचे घाण पाणी तळ्यात जाते म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे प्रकरण चालले. २००० साली ती जागा अभयारण्य झाली आणि २०२० साली रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. यादीत नाव लागले म्हणून पाणी आपोआप शुद्ध होत नाही. आणि दुसरी गोष्टही तितकीच खरी. तळे राखावयाचे म्हणून काठच्या गुराख्याला हाकलावयाचे, पण गावाला गटाराची नीट सोय द्यावयाची नाही, हा न्याय नव्हे. गरिबाच्या हातून घाण होते ती बहुधा त्याला दुसरी वाट दिलेली नसते म्हणून.

इकडे आपल्या खाडीकाठी काय चालले आहे? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी झगडताना जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. शेते गेली, आगरे गेली. उरली आहेत ती थोडी खाजणे, थोडी तळी आणि भरतीचे पाणी. २०२४ साली नेरूळच्या तळ्याकाठी फ्लेमिंगो मरून पडलेले आपण पाहिले. भरतीच्या पाण्याची ये-जा अडली तर खाजण मरते, हे आगऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. उघाडी कधी उघडावी आणि कधी लावावी, यावर त्याच्या बापजाद्यांचा संसार चालला. तरीही खाडीसंबंधी निर्णय होतात तेव्हा त्याला खुर्ची मिळत नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, घरी जाताना चार गोष्टी बरोबर न्या. एक, येत्या रविवारी दोन थाळ्या उन्हात ठेवा, एकीत नळाचे पाणी, दुसरीत खाडीचे. पाणी उडाल्यावर काय उरते ते मुलांना पाहू द्या, आणि मुलीला आधी विचारा. दोन, गावी जाल तेव्हा लोणारच्या काठावर उभे राहून वर उचललेले थर बघा. दगड फोडून घरी आणू नका, धारेवर साबण लावू नका आणि खड्ड्यात निर्माल्य टाकू नका. तीन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मिठाचे, पाण्याचे, मातीचे जे ठाऊक आहे ते शाळेत जाणाऱ्या पोरांकडून वहीत उतरवून घ्या. ती माणसे गेली की ती पोथी कोठेही मिळणार नाही. चार, कोणीही काहीही सांगो, भट सांगो, पंडित सांगो की आम्ही सांगो, पुरावा काय, हे विचारल्यावाचून उठू नका.

लोणारचे तळे कोणा देवाने खोदले नाही आणि कोणा दैत्यानेही नाही. आकाशातल्या दगडाने ते एका क्षणात खोदले आणि हजारो उन्हाळ्यांनी ते खारे केले. हे सत्य दगडात लिहिलेले होते, मिठात लिहिलेले होते आणि मीठ काढणाऱ्यांच्या हातांना त्यातले निम्मे वाचता येत होते. उरलेले निम्मे आपल्या मुलामुलींना वाचता यावे म्हणून त्यांना शाळेतून काढू नका. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो. आता ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी उठून बेधडक विचारावे. मिठागरात खपलेल्या आजीबाई मागे बसल्या आहेत, त्यांना पुढे जागा करून द्या. पहिला शब्द त्यांचा.